वाळवंटाच्या काठाला पाण्याखाली: ओमानमध्ये स्कूबा शिकण्यापासून बुडालेला नांगर मोजण्यापर्यंत

मस्कतला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात तेवढा एका रात्रीत कोसळून जातो. पण याच कोरड्या देशाला ३१६५ किलोमीटरचा किनारा आहे आणि त्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्रवाळ, कासवं, मुद्दाम बुडवलेलं एक लढाऊ जहाज आणि वास्को द गामाच्या ताफ्यातल्या गलबताचे अवशेष आहेत. नोकरीनिमित्त मस्कत-सोहारला आलेली पुष्कळ मराठी माणसं दोन-तीन वर्षं मॉल आणि वाद्या (डोंगरातल्या नद्यांच्या दऱ्या) बघण्यात घालवतात आणि परत जायच्या आधीच्या महिन्यात त्यांना समुद्र आठवतो. तसं होऊ नये म्हणून हा लेख. पोहता येतं पण पाण्याखाली कधी गेलो नाही, अशा माणसाला समोर धरून तो लिहिला आहे.

कधी सुरू करायचं

दक्षिणेला, धोफार प्रांतातल्या सलालाकडे जून ते सप्टेंबर 'खरीफ' असतो. शब्द ओळखीचा वाटेल, आपला खरीप तोच. त्या महिन्यांत नैऋत्येच्या वाऱ्याने धोफारचा समुद्र खवळलेला असतो आणि मिरबातकडची डाइव्हिंग बंद असते. तिकडे जायचं तर ऑक्टोबर ते मे.

मस्कतला मात्र बाराही महिने पाण्यात उतरता येतं. हिवाळ्यात पाणी २२ ते २४ अंशांपर्यंत उतरतं. तेव्हा पाच मिलिमीटरचा वेटसूट लागतोच. उन्हाळ्यात वरचं पाणी ३० च्या आसपास असतं आणि नवखा तिथेच फसतो. तीन मिलिमीटरचा अर्ध्या बाह्यांचा सूट घालून उतरतो, आणि दहा-बारा मीटरवर अचानक थंड पाण्याचा थर लागतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते तसा हा थर डोळ्यांना दिसतो. त्याच्या खाली पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो. म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सूट घ्या, जमल्यास आतून हूड असलेलं बनियन. जानेवारी ते मार्चमध्ये कधी कधी शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांची लाट येते. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं होतं आणि दोन-तीन मीटरपलीकडचं दिसत नाही. पहिल्या डाइव्हसाठी असा दिवस टाळा. पैसे परत मागायला संकोच करू नका, चांगली डाइव्हिंग सेंटरं स्वतःच पुढची तारीख देतात. सुरुवातीला सगळ्यात सोपे महिने म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

पहिली पायरी डॉक्टर, दुसरी तलाव

कोर्सला नाव नोंदवताना प्रकृतीची प्रश्नावली भरावी लागते. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, फिट्स, गर्भारपण, यातलं काही असेल तर खरं लिहा. त्यावर डॉक्टरची सही लागली तर एक दिवस मोडेल, इतकंच. खोटं लिहून उतरलेल्याला पाण्याखाली दम्याचा झटका आला तर तिथे थांबायला जागा नसते.

पोहण्याची कसोटी तशी साधी आहे: २०० मीटर न थांबता, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं. विहिरीत किंवा नदीत शिकलेली माणसं दम असूनही इथे अडतात, कारण त्यांचं डोकं सतत पाण्याबाहेर असतं. महिनाभर आधी सोसायटीच्या तलावात एकच गोष्ट घोटा: तोंड पाण्यात, नाका-तोंडाने सावकाश बुडबुडे, मग श्वास. हे अंगवळणी पडलं की मास्कमध्ये पाणी शिरल्यावर होणारी धांदल निम्मी कमी होते.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने मागून धरून नेलेली वीस मिनिटांची डुबकी तुम्ही केली असेल. छान अनुभव आहे, पण ते प्रशिक्षण नव्हे. तिथे तुमचा तोल, तुमची हवा आणि तुमची खोली दुसऱ्याच्या हातात होती. ओपन वॉटर या पहिल्या पातळीच्या कोर्समध्ये उथळ पाण्यातली पाच सत्रं आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, आणि त्यानंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. वयाची अट दहा वर्षं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना बारा मीटरची मर्यादा आहे.

सेंटर निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ? समुद्रात आठ ही वरची मर्यादा आहे, चार असतील तर उत्तम. बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि बाटली भरलेली आहे हे दाखवा म्हणा. सगळे पाण्यात गेल्यावर बोटीवर कोण थांबतं? सगळ्यात जवळचं रिकंप्रेशन चेंबर (डाइव्हनंतरच्या त्रासावर दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) कुठलं? या प्रश्नांवर समोरचा हसला, तर दुसरं सेंटर बघा.

हवा किती पुरते, हे कागदावर आधी

इथे बहुतेक बारा लिटरची टाकी मिळते, २०० बारपर्यंत भरलेली (बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब). म्हणजे १२ × २०० = २४०० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार, म्हणजे ६०० लिटर, हात न लावायचे. उरले १८००. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २२ ते २५ लिटर हवा ओढतो. पंधरा मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे तीच हवा मिनिटाला साठ लिटरच्या आसपास जाते. १८०० भागिले ६०, झाली तीस मिनिटं. तीस मीटरवर दाब चौपट, आणि वेळ अठरा-वीस मिनिटांवर येते. पाटीवर हे गणित मांडून मगच उतरा. गेज, म्हणजे टाकीतला उरलेला दाब दाखवणारा काटा, बघायची सवय आपोआप लागते.

आता इथल्या उन्हाची गोष्ट. सकाळी सावलीत २५ अंशांना २०० बार भरलेली टाकी दुपारी गाडीच्या डिकीत ६० अंशांना तापली की गेजवर २२० च्या वर आकडा दिसतो. हवा तेवढीच असते, पाण्यात उतरताच आकडा खाली येतो. तो पडताना बघून टाकी गळते आहे असं वाटून घाबरू नका. पण भरलेली टाकी बंद गाडीत उन्हात ठेवायचीच नाही. शिवाय रेग्युलेटरचं (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राचं) रबरी मुखपत्र, मास्कची सिलिकॉन कड, पायातल्या फिनचे पट्टे ऊन आणि धूळ दोन्हींनी चिरतात. रेग्युलेटरच्या तोंडावरची टोपी काढून टाकी वाळूत आडवी ठेवली, तर वाळूचे कण फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे टाकीला बसणाऱ्या भागाच्या, जाळीत बसतात आणि मग खाली हवा ओढायला जड जाते. डाइव्ह झाल्यावर गोड्या पाण्यात बुचकळताना ती टोपी घट्ट आहे ना, हे हाताने दाबून बघा.

वजन आणि तोल

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. तोल म्हणजे पाण्यात वरही न जाता, खालीही न जाता स्थिर राहणं. प्रवाळ न मोडणं, हवा कमी खर्चणं आणि पुढे पुरातत्त्वाच्या जागी काम करता येणं, तिन्ही तोलावर अवलंबून आहे.

वजन, म्हणजे बुडण्यासाठी अंगाला बांधायचं शिसं, असं ठरवायचं. पूर्ण सामान घालून खोल पाण्यात उभे राहा, हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमधली हवा सगळी सोडा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाण्याची रेघ डोळ्यांशी आली पाहिजे. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. भरलेल्या टाकीने हे केलं असेल तर आणखी दोन किलो घाला. कारण वापरलेल्या १८०० लिटर हवेचं वजनच सव्वादोन किलोच्या घरात असतं. डाइव्हच्या शेवटी टाकी हलकी होते आणि वर येताना पाच मीटरवर थांबायचं असताना तुम्ही बुचासारखे वर जाता. दुबईतल्या साठ मीटर खोल तलावात सराव करून आलेल्यांनी लक्षात ठेवावं की तिथलं पाणी गोडं आहे. सामानासकट शंभर किलोच्या माणसाला समुद्रात अडीच-तीन किलो जास्त लागतात.

नवखे तोल सांभाळायला जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबत बसतात. एक दाब, वर गेले, हवा सोडली, खाली आपटले, परत दाब. बटण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, परिणाम उशिरा दिसतो. बारीक फरक श्वासाने करायचा. सरावासाठी तळाशी पालथे पडा, फिनची टोकं वाळूवर टेकवा, आणि नुसत्या श्वासाने छाती वर-खाली होऊ द्या. हे दहा मिनिटं जमलं की मग आडवं राहून हातभर उंचीवर स्थिर राहा. हात हलवायचे नाहीत. हातांनी पाणी वल्हवणारा डायव्हर शेजाऱ्याचा मास्क उडवतो आणि हवाही दीडपट खातो.

कान मोकळे करायला पृष्ठभागापासूनच सुरुवात करा: नाक चिमटीत धरून हलकी फुंकर, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखल्यावर करायला गेलात तर उशीर झालेला असतो. मग मीटरभर वर या, पुन्हा करा. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून चहा प्या.

तहान आणि डोंगर

बोटीवर वारा असतो, घाम लगेच वाळतो, म्हणून पाणी कमी पडतंय हे कळत नाही. टाकीतली हवाही कोरडी असते, तीही शरीरातलं पाणी ओढते. अंगात पाणी कमी असेल तर खोलवरच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला अडथळा येतो. दोन डाइव्हच्या मध्ये किमान अर्धा लिटर पाणी, थोडं मीठ-साखर किंवा लिंबू सरबत. सूट दुसरी डाइव्ह जवळ येईपर्यंत घालू नका. वर येताना मिनिटाला नऊ मीटर, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

डाइव्हनंतर लगेच विमान नको, हे सगळ्यांना शिकवतात: एकच डाइव्ह असेल तर किमान बारा तास, जास्त असतील तर अठरा. ओमानमध्ये विमानापेक्षा जास्त गफलत गाडीत होते. शुक्रवार-शनिवारची सुट्टी, शुक्रवारी दोन डाइव्ह आणि शनिवारी पहाटे जबल अख्दर. सैकचं पठार २००० मीटरवर आहे. मस्कतहून दोन-अडीच तासांत तुम्ही जवळपास विमानाच्या केबिनइतक्या विरळ हवेत पोचता. सांधे दुखायला लागतात, आणि माणसाला वाटतं गाडी चालवून अंग आंबलं. उलट करा. आधी डोंगर, मग समुद्र. डाइव्हनंतर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर किंवा न जाणारा थकवा आला तर ऑक्सिजन आणि डॉक्टर. आपत्कालीन क्रमांक ९९९९.

कुठे उतरायचं

पहिल्या डाइव्हना बंदर खैरान. 'बंदर' हा आपलाच शब्द, आणि जागाही तशीच आडोशाची: मस्कतच्या आग्नेयेला डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या खाड्या, लाट कमी, सहा ते बारा मीटरवर प्रवाळ. समुद्री साळू म्हणजे लांब काळ्या काट्यांचं अर्चिन इथे पुष्कळ. काटा मोडून आत राहतो, म्हणून गुडघे टेकण्याआधी खाली बघा. दगडासारखा दिसणारा दगडमासा आणि झुलणाऱ्या परांचा सिंहमासा, दोघांचेही काटे विषारी. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. उष्णतेने विष निष्प्रभ होतं. बर्फ लावू नका.

थोडा हात बसला की दैमानियात बेटं. नऊ बेटं, १९९६ पासून राखीव. सीबच्या बाजूने वेगवान बोटीने पाऊण ते एक तास. हॉक्सबिल कासवं इथे अंडी घालतात, म्हणून १ मे ते ३१ ऑक्टोबर बेटांवर पाय ठेवायला बंदी असते, पाण्यात उतरता येतं. परवाना बोटवाला काढतो, पण रेसिडेंट कार्ड स्वतःजवळ असू द्या. पावसाळ्याअखेरीस व्हेल शार्क दिसतो. दिसला तर त्याच्या मागे पोहू नका, हवा संपते आणि तो निघून जातो.

टाकीशिवाय, श्वास धरून डुबकी मारायची असेल तर तो वेगळा खेळ आहे आणि वेगळा कोर्स. दोनच नियम इथे सांगतो. आधी जोरजोरात श्वास घेऊन 'भरून' घ्यायचं नाही. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, श्वास घ्यायची इच्छा दाबली जाते आणि वर येताना शुद्ध हरपते. आणि एकट्याने कधीच नाही.

अल मुनस्सिर हे ८४ मीटर लांबीचं नौदलाचं जहाज २००३ मध्ये बंदर खैरानजवळ ३० मीटर पाण्यात मुद्दाम बुडवलं. वरून फिरायला अॲडव्हान्स्ड कोर्स हवा, आत शिरायला त्याहून वेगळं प्रशिक्षण. आतल्या खोल्यांत गाळ असतो. एकदा फिन खाली लागली की दिवा असूनही स्वतःचा हात दिसत नाही, आणि आलेलं दार सापडत नाही. नवख्याने बाहेरूनच बघावं. बाहेरूनही ते एका डाइव्हमध्ये पुरं होत नाही.

खेळ संपतो कुठे, पुरातत्त्व सुरू होतं कुठे

मे १५०३ मध्ये धोफारच्या किनाऱ्यासमोरच्या अल हल्लानिया बेटाच्या उपसागरात पोर्तुगीजांची पाच जहाजं दुरुस्तीसाठी थांबली होती. उत्तरेचं जोराचं वारं येणार, नांगर हलवा, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. छोटी जहाजं बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेली. वास्को द गामाचे मामा व्हिसेंते आणि ब्रास सोद्रे आपल्या मोठ्या नांगरांवर विसंबून राहिले. 'एस्मेराल्दा' आणि 'साओ पेद्रो' दोन्ही खडकावर फुटली. जागा १९९८ मध्ये हेरली गेली, २०१३ ते २०१५ मध्ये ओमानच्या वारसा मंत्रालयाबरोबर उत्खनन झालं, २८०० हून अधिक वस्तू मिळाल्या: १४९८ सालची घंटा, सोन्याची क्रुझादो नाणी, आणि खास भारताशी व्यापारासाठी पाडलेलं 'इंदियो' हे चांदीचं अत्यंत दुर्मिळ नाणं.

त्यातली एक चकती नवख्याने नीट समजून घ्यावी. साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटरहूनही पातळ. एका बाजूला पोर्तुगालचं राजचिन्ह आणि राजा मानुएलचं स्वतःचं चिन्ह, बाकी डोळ्यांना काहीच नाही. लेझर स्कॅन केल्यावर काठावर पाच-पाच अंशांच्या खुणा उमटल्या आणि ती सूर्याची उंची मोजायची ॲस्ट्रोलेब ठरली. कुणी डायव्हरने ती उचलून वाळूने घासून लख्ख केली असती, तर खुणा गेल्या असत्या आणि एक धातूची ताटली उरली असती. गलबताचं लाकूड मात्र तिथे राहिलं नाही. उबदार, उथळ, लाटांच्या पाण्यात ते भोके पाडणाऱ्या किड्यांच्या आणि खडकांच्या तडाख्यातून सुटत नाही.

ओमानमध्ये वारसा २०१९ च्या ३५ क्रमांकाच्या शाही फर्मानाने काढलेल्या कायद्याखाली संरक्षित आहे. पाण्याखालची जुनी वस्तू उचलणं हा गुन्हा. शिंपले-प्रवाळही जिथल्या तिथे.

मापं घ्यायला शिका, तेही आधी वाळूवर

पाण्याखालच्या पुरातत्त्वाची प्राथमिक शिकवणी ब्रिटनची नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी देते. पण त्याआधी समुद्रकिनाऱ्यावर एक सकाळ पुरते. सामान: दोन फायबरच्या ३० मीटरच्या टेपा (पोलादी टेप गंजते), तीन खुंट्या, प्लास्टिकची पाटी, दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. पेन पाण्याखाली लिहीत नाही आणि न बांधलेली पेन्सिल वर तरंगत जाते.

वाळूवर जुनी काठी, दगड, टायर असं काहीबाही मांडा. क आणि ख या दोन खुंट्या दहा मीटरवर ठोका. काठीच्या टोकापर्यंत क पासून अंतर समजा ६.२० मीटर, ख पासून ७.४०. कागदावर वीस पटीने लहान करा: क-ख अंतर ५० सेंटिमीटर, कंपासचे कंस ३१ आणि ३७ सेंटिमीटरचे. जिथे छेदतात तिथे टोक. कंस काटकोनाच्या जवळपास छेदले तर माप विश्वासाचं. अगदी तिरके, एकमेकांवरून घासत छेदले, तर टेपच्या दोन सेंटिमीटरच्या चुकीने बिंदू हातभर सरकतो. म्हणून तिसरी खुंटी, तिसरा कंस. तीन कंसांमध्ये उरलेला त्रिकोण कागदावर दोन मिलिमीटरहून मोठा असेल, म्हणजे प्रत्यक्षात चार सेंटिमीटर, तर माप पुन्हा घ्या.

पाण्यात हेच करताना टेप प्रवाहात धनुष्यासारखी वाकते आणि अंतर नेहमी जास्तच येतं, कमी कधी येत नाही. ताण द्या, पण खुंटी उखडेल इतका नाही. टेप कुठे खडकाला अडली आहे का, ते एकाने पोहून बघायचं. टेपचं शून्य जोडीदाराने खुंटीवर धरलंय की टोकाची कडी अडकवून कडीपासून माप धरलंय, हे पाटीवर लिहा. निम्मे घोळ तिथलेच. आणि कोपर टेकून, गुडघे रोवून मापं घ्यायची नसतात. गाळ उठला की त्या दिवसाचं काम संपलं. वर तोलाबद्दल इतकं लिहिलं ते याचसाठी.

ओळखायला सोपी वस्तू म्हणजे दगडी नांगर. लांबट, चौकोनी, वर निमुळता. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक, खाली लाकडी दात्यांसाठी दोन चौकोनी भोकं, एकमेकांना काटकोनात. याला इंडो-अरबी नांगर म्हणतात. ओमानच्या कल्हात या जुन्या बंदरात आहेत, तसेच आपल्या सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गच्या परिसरातही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आहे. नाखवा आणि इकडचा नाखुदा (जहाजाचा कप्तान) हे एकाच शब्दाचे भाऊ आहेत, आणि नांगरही तसेच.

काही सापडलंच तर

हात लावू नका, वरचा थर खरवडू नका. खोली आणि वेळ पाटीवर लिहा, कारण भरती-ओहोटीने तीच जागा वेगळी खोली दाखवते. शेजारी पाटी किंवा मोजपट्टी ठेवून फोटो घ्या: एक लांबून, आजूबाजूचा खडक दिसेल असा, आणि दोन-तीन जवळून. शक्य असेल तर सरळ वर येऊन बोटीवाल्याकडून जीपीएस घ्या. वारसा आणि पर्यटन मंत्रालयाला कळवा. जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोतही जागेची माहिती दडलेली असते, ती आधी काढा.

आणि कुणीतरी आधीच एखादी वस्तू वर आणून बोटीत टाकली असेल, तर ती उन्हात वाळू देऊ नका. लोखंडात शिरलेले क्षार हवा लागताच गंजाचा वेग वाढवतात, आणि महिन्याभरात घट्ट दिसणारा तुकडा पापुद्र्यांनी सुटतो. मडक्याच्या आत मिठाचे स्फटिक तयार होऊन वरचा झिलईचा थर उडतो. झाकणाची प्लास्टिकची बादली घ्या, समुद्राचं पाणी भरा, वस्तू पूर्ण बुडेल अशी ठेवा, लोखंड आणि तांबं एकाच बादलीत नको. बादलीवर तारीख, जागा, खोली लिहून ती सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी मंत्रालयाला फोन करा.